घाऱ्या डोळ्यांची नर्स

टीव्हीवरच्या नर्सला दोनच वाक्यं दिलेली असतात. एक, "डॉक्टर, लवकर चला!" आणि दुसरं, "डॉक्टर, पेशंटला शुद्ध आली!" दोन्ही वाक्यं ती दारात उभी राहून म्हणते आणि दोन्ही वेळा धापा टाकत असते. म्हणजे शुद्धीवर आलेल्या माणसाला खोलीत एकटं टाकून ही बया पॅसेजमध्ये पळत सुटलेली असते. का? तो बिचारा शुद्धीवर आलाय, त्याला पाणी विचार, नाव विचार, नाडी बघ. ते राहिलं बाजूला. आमच्या वेळी असं कुणी केलं असतं तर मेट्रनबाईंनी तिची पुढच्या दिवाळीपर्यंत सुट्टी बंद केली असती.

तिच्या हातात एक ट्रे असतो. त्या ट्रेमध्ये काय असतं ते आजवर कोणत्याही कॅमेऱ्याने दाखवलेलं नाही. बाकी सगळं डॉक्टर करतो. सलाईन तोच लावतो, बीपी तोच बघतो, वेळ मिळाला तर पेशंटच्या कपाळावरून हातही फिरवतो. मी इतकी वर्षं सरकारी नोकरी केली, कपाळावर हात फिरवणारा डॉक्टर मला एकही भेटला नाही. स्वतःच्या कपाळावर हात मारून घेणारे भेटले, तेही भले लोक होते.

आमचे हे सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करून निवृत्त झाले. आता संध्याकाळी ताट पुढ्यात आलं की मालिका लागते. मला राहवत नाही, मी बोलते. "अहो, सलाईनची नळी बघा, नुसती चिकटपट्टीनं हाताला चिकटवलीय, आत सुईच नाही." तर हे मला म्हणतात, "तू जरा गप्प बस गं, तुला काय कळतंय त्यातलं!" मला म्हणतात. दवाखान्याबद्दल. मी भाकरी वाढते.

सुनेची एक मैत्रीण अशाच मालिका लिहिते. नाशिकला आली होती तेव्हा मुद्दाम मला भेटायला आली, मोबाइल रेकॉर्डिंगला लावून समोर बसली. गोड मुलगी. म्हणाली, "काकू, नर्सचं काम नेमकं काय असतं, ते अगदी आतून सांगा." मी सांगायला लागले. पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याला सारखं कुशीवर वळवावं लागतं. लघवी किती झाली ते मोजावं लागतं. नातेवाईक गुपचूप भरवत असलेला वडापाव उशीखालून काढून घ्यावा लागतो. तिनं मोठ्या कष्टानं जांभई गिळली आणि म्हणाली, "छान आहे काकू, पण यात संघर्ष कुठंय?"

मी म्हटलं, "बाळा, एका माणसाला वळवायला तीन माणसं लागतात आणि वॉर्डात आम्ही दोघीच असतो. हाच संघर्ष."

तिनं रेकॉर्डिंग बंद केलं. नंतर तिच्या मालिकेत नर्स आली ती खलनायिकेची हेर म्हणूनच.

कुणी म्हणेल, मालिका ती मालिका, मनावर कशाला घ्यायची? मी घेतली नसती हो. पण लोक घेतात, आणि ते निस्तरायला आम्ही असतो. मी पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डला असताना सातपूरचाच एक तरुण, वेल्डिंगचं काम करणारा, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन पडला होता. गावाकडे त्याच्या चुलतभावाचं लग्न. आम्ही सोडेना. तर ह्या पठ्ठ्यानं मालिकेतल्या नायकासारखी हातातली सुई एका झटक्यात उपटली आणि निघाला. मालिकेतल्या नायकाला त्या जागेतून रक्त येत नाही. तो थेट मांडवात पोहोचतो आणि "थांबवा हे लग्न!" म्हणतो. आमचा नायक लिफ्टपर्यंत पोहोचला. शर्ट रक्तानं माखलेला, स्वतःचंच रक्त बघून त्याला घेरी आली आणि तिथंच बसकण मारली. मी त्याचा हात दाबून धरून बसले होते तर मला म्हणतो, "सिस्टर, टीव्हीत तर असं नाय होत." म्हटलं, "टीव्हीत तो लग्न थांबवायला निघालेला असतो. तुला तर नुसतं जेवायला जायचं होतं!" लाजला बिचारा.

असो. हे सगळं हसण्यावारी गेलं. पण माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, मी बाळंतिणींच्या वॉर्डची इन्चार्ज असताना, एक मालिका अशी काही चालली की काही विचारू नका. त्यात एक नर्स होती, भुवया कोरलेली, घाऱ्या डोळ्यांची. ती खलनायिकेकडून पैसे घेऊन बाळं बदलायची. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. बदललेलं बाळ सापडलं की दुसरं बदलायची. पोलिसांना ती कधी सापडलीच नाही, कारण मालिका चालू ठेवायची होती.

आता योगायोग बघा, माझे डोळे घारे. आईकडून आलेत, त्याला मी काय करू? वॉर्डात शिरले की बायका आपलं बाळ पदराखाली घ्यायला लागल्या. एका बाळाची आत्या मला बघितलं की मोठ्यानं रामरक्षा म्हणायची. निफाडकडच्या एका बापानं तर कमालच केली. बाळ दाखवायला बाहेर आणलं तसं खिशातलं बॉलपेन काढलं आणि लेकराच्या तळपायावर स्वतःची सही केली. मी ओरडले, "अहो, काय करताय?" तर म्हणाला, "राहू द्या सिस्टर, आमच्या द्राक्षाच्या पेट्यांवर पण करतो." ते बाळ दवाखान्यातून घरी गेलं तेव्हाही पायावर निळं होतं.

मालिकेत बाळ जन्मलं की नर्स गुलाबी टॉवेलमध्ये गुंडाळलेलं तीन महिन्यांचं गुटगुटीत पोर घेऊन धावत बाहेर येते आणि ओरडते, "अभिनंदन! मुलगा झाला!" खऱ्या दवाखान्यात हे वाक्य आम्ही म्हणत नाही. नवख्या सिस्टरला पहिली शिकवण हीच असते, की मुलगा की मुलगी हे आपण तोंडातून काढायचं नाही. बाळ जन्मलं, रडलं, की ते आईसमोर धरायचं, पाय बाजूला करून दाखवायचं आणि विचारायचं, "बघ बाई, काय झालं? तुझ्या तोंडानं सांग." ती सांगेल ते दुसऱ्या सिस्टरनं ऐकायचं. मग आईच्या आणि बाळाच्या मनगटाला एकाच नंबरची पट्टी बांधायची. त्यानंतर नातेवाइकांना बोलवायचं, दुपटं उघडून दाखवायचं आणि त्यांनाही तेच विचारायचं. उद्या कुणी उठून भलतंसलतं म्हणायला नको, म्हणून ही रीत. चांगली रीत आहे. फक्त तिच्यात एक गृहीत धरलेलं असतं, की आई खरं सांगेल.

वैशाली सायखेड्याकडची. दुसरी खेप, पहिली मुलगी. सकाळी कळा घेत आली. बरोबर नवरा सोपान आणि सासू. सासूला सगळे आक्का म्हणत, मीही आक्काच म्हणायला लागले. ठसठशीत बाई, कपाळावर हे एवढं कुंकू, हातात पितळी कड्यांचा डबा. आल्या आल्या माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि लेकाच्या कानात काहीतरी बोलली. मला सवय झाली होती, मी दुर्लक्ष केलं.

वैशाली मात्र गुणी पेशंट. आरडाओरडा नाही, सांगितलं तसं करायची. दुपारी बाळंत झाली. मुलगी, चांगली खणखणीत रडणारी. मी तिच्यासमोर धरली. "बघ गं वैशाली, सांग काय झालं?"

तिनं मान उचलून नीट बघितलं. म्हणाली, "मुलगा."

मला हसू आलं. असं होतं कधीकधी. बाई थकलेली असते, बाळाच्या पायांमध्ये नाळ लोंबत असते, तिला भलतंच दिसतं. मी नाळ बाजूला केली, "अगं वेडे, ती नाळ आहे. आता बघ." तिनं डोळे मिटून घेतले आणि केवढ्यांदा तरी म्हणाली, "मुलगाच झाला!"

माझी धाकटी सिस्टर दीपाली बाजूला होती, तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. पण तेवढ्यात वैशालीचं रक्त जरा जास्त जायला लागलं आणि आम्ही दोघी त्यात गुंतलो. अशा वेळी बाकी सगळं डोक्यातून जातं. बाळाला पट्टी बांधून उबेत ठेवलं, डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, थोड्या वेळात रक्त आटोक्यात आलं. त्या गडबडीत पडद्यामागे उभी असलेली आमची मंदामावशी कधी सटकली ते माझ्या लक्षात आलं नाही. मंदामावशी आया. मुलगा झाल्याची बातमी बाहेर पहिल्यांदा नेणाऱ्याला बक्षीस मिळतं, ही तिची रीत. ती आमच्या रीतीपेक्षा जुनी आणि जास्त वेगवान.

टाके होईपर्यंत मावशी परत आली ती तोच कड्यांचा डबा घेऊन. "सासूबाईंनी पाठवलाय, साजूक तुपातला शिरा हाय." वैशाली उठून बसली. तिनं चमचासुद्धा मागितला नाही. बोटांनी खाल्ला सगळा, डब्याच्या कडा पुसून खाल्ल्या. सुटलेलं तूप बोटावर घेऊन चाटलं. मी मनात म्हटलं, सासू दिसते करारी पण आहे मायेची. बाळंतिणीला लेबर रूममध्ये शिरा पाठवणाऱ्या सासवा मी मोजक्याच बघितल्या आहेत.

मग मी बाळाला घेऊन बाहेर आले. बाहेर सोपान पेढ्यांचा पुडा उघडून उभा. वॉचमनच्या तोंडात पेढा, लिफ्टवाल्याच्या तोंडात पेढा. आक्का मोबाइलवर, "हा, हा, पोरगाच! सोपानच्याच वळणावर गेलाय म्हन्त्यात!" मला बघून फोन न ठेवताच पुढं आली. मी रीतीप्रमाणे दुपटं उघडलं. "बघा, काय आहे? सांगा."

आक्का बघत राहिली. फोनमधून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं.

"हे आमचं नाय," आक्का म्हणाली.

"आक्का, तुमचंच आहे. ही पट्टी बघा, नंबर बघा."

"पट्टीचं मला नका सांगू. त्या मालिकेतबी पट्टी व्हती. कात्रीनं कापली आन् दुसऱ्याला बांधली. आमी काय बघत नाय का?" मग माझ्याकडे बोट करून सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल असं ओरडली, "बघा, डोळेबी तसलेच!"

झालं. पॅसेजमध्ये माणसं गोळा झाली. त्यातल्या निम्म्यांनी ती मालिका बघितलेली. कुणी म्हणालं, मागच्या दाराला कोण उभं होतं ते बघा. कुणी म्हणालं, हिच्या पर्समध्ये बघा. मी आक्काला समजावलं, की मुलगी झाली यात वाईट काय आहे? ती उसळली. "पोरीचं मला वावडं नाय! घरी येक हाय, तिला काय आमी टाकली का? पोरगी असू द्या, काळी असू द्या, गोरी असू द्या. पन आमची पायजे. सुनेनं सोताच्या तोंडानं पोरगा सांगितला. मंग हे कुठून आलं?"

आईच्या तोंडून वदवून घेण्याची रीत आमचीच होती.

त्यांनी वैशालीला वॉर्डात आणेपर्यंत वाट बघितली आणि तिच्या कॉटशी जाऊन आक्कानं विचारलं, "तुला काय झालं व्हतं गं? खरं सांग, घाबरू नको." वैशाली भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मीही विचारलं. दीपालीनं विचारलं. लोकांना वाटलं, धक्का बसलाय बिचारीला.

त्या दिवशी वॉर्डात एक मुलगा होता, सकाळी झालेला. त्याची आई पेठकडची, साधी बाई. आक्का तिच्या कॉटपाशी गेली, वाकून त्या बाळाचं नाक बघितलं आणि म्हणाली, "सोपान, हिकडं ये. हे तुझंच नाक हाय." त्या बाईनं लेकराला पोटाशी धरलं आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. मी आक्काचा दंड धरून तिला बाहेर काढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी नातेवाइकाला हात लावला. मालिकेतली नर्स असती तर तिनं त्याच वेळी कुटिल हसून दाखवलं असतं. मी परत जाऊन पेठच्या बाईला पाणी दिलं.

दवाखान्याच्या पोलीस चौकीवरचे जमादार आले. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, लेबर रूमचं सीसीटीव्ही फुटेज द्या, दोन मिनिटांत मिटवतो." म्हटलं, "जमादार, बायका बाळंत होतात तिथं कॅमेरा? घरी जाऊन वहिनींना विचारा, चालेल का ते." ते खाली बघून म्हणाले, "नाही, टीव्हीत असतो म्हणून म्हटलं." डॉक्टर म्हणाले रक्ताची तपासणी करून घेऊ, दूध का दूध होईल. पण त्या तपासणीला बरेच दिवस लागतात. मला बरेच दिवस नको होते. मला त्याच दुपारी निकाल हवा होता.

कारण एव्हाना बाळ भुकेलं होतं आणि त्याला कुणी छातीशी घेत नव्हतं.

हे जरा नीट सांगते. बाळाला जन्मल्याबरोबर आईचा चीक मिळायला हवा. तो थोडासाच असतो, चमचाभर, पण तेवढाच त्याला पुरतो. वाटी-चमच्यानं वरचं दूध पाजायची सोय आमच्याकडे होती, बाळ उपाशी मेलं नसतं. पण माझी भीती वेगळी होती. मी या वॉर्डात मागे राहिलेली बाळं बघितली आहेत. कुणी सांगून मागे ठेवत नाही. आधी म्हणतात आज घेत नाही, मग म्हणतात उद्या बघू, मग एक दिवस कॉट रिकामी असते आणि पाळणा भरलेला. आणि आक्कानं सुनेला बजावलं होतं, मी स्वतः ऐकलं, "अंगावर घेऊ नको. येकदा पाजलं की दुधाचं नातं लागतं. मंग ती आपली झाली. तपासणी हुईस्तोवर हात लावायचा नाय."

तिच्या दृष्टीनं ती बरोबरच होती हो. दुधाचं नातं मानणारी बाई होती, म्हणूनच पाजू देत नव्हती. आणि पोर आपली मूठ चोखत पडली होती. चोखून चोखून रडायची, रडून थकायची, परत मूठ तोंडात. नोकरीत मी पुष्कळ वाईट बघितलंय, पण आई हाताच्या अंतरावर असताना मूठ चोखणारं बाळ मला बघवत नाही. माझा संताप संताप झाला. मालिकावाल्यांचा, मंदामावशीचा, पण सगळ्यात जास्त त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बाईचा.

मी आक्काला आणि सोपानला जमादारांकडे जबाब लिहायला धाडलं. वैशालीच्या कॉटभोवती पडदा ओढला. बाळाला दीपालीकडे दिलं आणि स्टूल घेऊन बसले.

"वैशाली, मी तुला दाखवलं होतं. नाळ बाजूला करून दाखवलं होतं. तू बघितलंस. आता माझी नोकरी जाईल, दीपालीची तर नुकतीच लागलीय. ते जाऊ दे. तुझी पोर सकाळपासून... दुपारपासून उपाशी आहे. तू बोलत का नाहीस?"

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"नाळच दिसली का तुला?"

तिनं मान हलवली, नाही.

"मग मुलगी दिसली होती?"

"पयल्यांदाच दिसली," ती भिंतीला सांगितल्यासारखी म्हणाली.

माझा आवाज चढला. "मग मुलगा कशाला म्हणालीस बाई? थोड्या वेळात कळणारच होतं ना? काय मिळालं तुला?"

ती माझ्याकडे वळली. रडत नव्हती. नुसती थकलेली होती.

"भूक लागली व्हती, सिस्टर."

मला आधी कळलंच नाही.

"मागल्या टायमाला असाच डबा आणला व्हता त्यांनी. शिऱ्याचा. पोरगी झाली म्हनून सांगितलं, तर सगळे घरी निघून गेले. डबाबी परत न्हेला. दुसऱ्या दिवशीपोत्तर कोनी आलं नाय. शेजारच्या कॉटवालीनं चहा-बिस्कीट दिलं." मग म्हणाली, "या टायमाला वाटलं, थोडा येळ तरी मुलगा म्हनू. तेवढ्यात खाऊन घेऊ. मंग काय व्हायचं ते व्हईल."

मी नोकरीत कुणापुढे रडले नव्हते. तिथं पडद्याआड मी तोंडावर पदर धरला. युनिफॉर्मच्या साडीचा पदर कडक असतो, डोळ्यांना टोचतो. तिचा मघाशी डबा पुसणारा हात आठवला आणि मी सासूला मायेची ठरवून मोकळी झाले होते तेही. तूप चाटताना तिला पुढचं सगळं दिसत असणार, आणि तरी ती खात होती.

सावरून म्हटलं, "हे तू त्यांना सांग. मी सांगितलं तर ते म्हणतील, घाऱ्या डोळ्यांची नर्स गोष्टी रचते."

"मारतील."

"मी इथं उभी आहे. दीपाली आहे. बाहेर जमादार आहेत. कोण हात लावतंय बघू."

पडदा सरकवला. आक्का आणि सोपान परत येतच होते. वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसलेल्या. आक्का कॉटशी आली आणि तिनं विचारायच्या आतच वैशाली बोलली. चादरीकडे बघत, एका दमात.

"आक्का, पोरगीच झाली व्हती. मी खोटं बोलले. मला भूक लागली व्हती. मागल्या टायमाला तुमी डबा परत न्हेला."

एवढंच.

आक्काचं तोंड उघडं राहिलं. सबंध दुपार जी बाई एका जागी थांबली नव्हती, तिला पहिलं सुचलं ते हे, "अगं, म्या सगळ्या गावाला फोन केले ना!" पेठची बाई पांघरुणातून डोकं काढून आक्काकडे बघत होती. तेव्हा आक्काचा चेहरा उतरला. ती मागे वळली आणि लेकावर घसरली. "डबा म्या नव्हता न्हेला. ह्यानं न्हेला व्हता. हाय ना रे?"

"तूच म्हनाली, उचल," सोपान म्हणाला.

"म्या म्हनलं, पिशवी उचल!"

"पिशवीत डबाच व्हता ना!"

"मंग तुला अक्कल नाय का? बायको तुझी बाळंत झालेली, तिला काय जेवायचं ते बघायचं नाय?"

"तू सासू हायेस ना तिची! तू बघायचं!"

आणि ते दोघं, भरल्या वॉर्डात, इतक्या बायकांसमोर, कॉटच्या पायथ्याशी उभे राहून भांडायला लागले. तो डबा नेमका कुणी उचलला, दारापर्यंत कुणाच्या हातात होता, घरी गेल्यावर त्यातला शिरा कुणी खाल्ला. खाल्ला होता तर! सोपाननं खाल्ला, असं आक्का म्हणाली. तूही खाल्लास, असं सोपान म्हणाला. माझ्या आरोपाचं काय झालं, बदललेल्या बाळाचं काय झालं, कुणाला काही पडलेलं नव्हतं. जमादार दारातून वाकून बघत होते, ते हळूच निघून गेले.

मी दीपालीच्या हातातून पोर घेतली आणि वैशालीपुढे धरली. या वेळी काही विचारलं नाही. तिनंच हात पुढे केले. ब्लाउजची बटणं काढली, पोरीला जवळ घेतलं. पोरीनं एकदा तोंड हुकवलं, दुसऱ्यांदा पकडलं, आणि डोळे मिटून अशी काही ओढायला लागली की वैशाली दचकली. आक्का आणि सोपान अजून शिऱ्यावरच होते. वैशालीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. तिनं मला मनगटाला धरून खाली ओढलं आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"सिस्टर, हिला तरी पोटभर मिळतंय का, बघा ना."

मी वाकून बघितलं. मिळत होतं.